शेळ्या नसलेला शेळीपालन ग्रुप

सत्तरीतल्या माणसाचं कुणावर प्रेम असू शकतं, हे तुम्ही शेवटचं कधी मान्य केलं होतं? नातवंडांवरचं प्रेम मी म्हणत नाही. देवावरचंही नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा असतो म्हणून माणूस आरशासमोर उभा राहून उरलेले केस नीट बसवतो, ते प्रेम. आणि केस बसवणारा पुरुष असेल, आणि कॉल करणाराही पुरुषच असेल, तर?

घाईने उत्तर देऊ नका. आधी आमच्या ग्रुपची गोष्ट ऐका. यात कुणाचं नाव लिहिणार नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी ती सांगायला परवानगी दिली आहे, नावांना नाही.

मी नगरला राहते. कागदावर शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटी स्टँडवर अजून सगळे नगरच म्हणतात. माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलं. आई-वडील दोघंही चळवळीतले. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाण्याचा तांब्या आणि घड्या घालायला पत्रकं एकदमच मिळायची. त्यामुळे कुठलीही अडचण दिसली की माझा हात आधी कागदाकडे जातो. मला मुली आवडतात, हे आईला सांगायचं ठरवलं तेव्हासुद्धा मी एका पानावर मुद्दे काढले होते. आईने ते शांतपणे वाचले, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि मग मला जवळ घेतलं.

रविवारी सकाळी मी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत ज्येष्ठांना मोबाईल शिकवते. बहुतेकांना लांबच्या नातवाचा चेहरा बघायचा असतो, नाहीतर वीजबिल भरायचं असतं. एकदा वर्ग संपल्यावर एक मावशी मागे थांबल्या. नागापूरच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारींचं वायंडिंग करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. त्यांनी फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "दोन बायका एका खोलीत जन्मभर राहिल्या. त्यातली एक वारली. आता दुसरीनं व्हिडिओ कॉल कुणाला लावायचा, ते शिकव."

मी एरवी बोलण्याआधी मुद्दे काढते. तेव्हा काढले नाहीत. म्हटलं, "मला लावा, मावशी. मीही तुमच्यातलीच आहे."

"ते मला पहिल्याच रविवारी कळलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुला कशाला इचारलं असतं?"

त्याच संध्याकाळी त्यांचा पहिला कॉल आला. फोन त्यांनी पलंगावर आडवा ठेवला होता, त्यामुळे मला नुसता छताचा पंखा दिसत होता आणि पंख्याच्या मागून त्यांचा आवाज येत होता. आम्ही तशाच खूप वेळ बोललो. पुढे रोज बोलू लागलो. पण थोड्याच दिवसांत मावशी कंटाळल्या. "तू लई भाषण करती," त्या म्हणाल्या. "माझ्या वयाचं कोणीतरी दाखव. ज्याचे गुडघे दुखतात असं."

असं माणूस मी आणणार कुठून? ते मावशींनीच आणलं.

मावशी आणि त्यांची सोबतीण जमेल तेव्हा गुरुवारी शिर्डीला जायच्या. पाथर्डीहून नगरमार्गे शिर्डीला जाणारी एक गाडी होती. तिच्यावर बहुतेक वेळा एकच कंडक्टर असायचे. शिर्डीच्या स्टँडवर गाडी लागली की एक फुलवाला यायचा आणि गाडीच्या काचेवर हार घालायचा. "हार गाडीला," मावशी सांगत होत्या, "पण डोळे कंडक्टरकडं. आम्ही दोघी खिडकीत बसून एकमेकींना कोपर मारायचो. कुठंतरी आपल्यासारखं अजून कोणी हाय, एवढ्यावर आमचा आठवडा बरा जायचा."

मावशी एकट्या शिर्डीला गेल्या. मंदिराकडच्या रस्त्यावर फुलांच्या दुकानांपुढून फिरल्या आणि तो माणूस शोधून काढला. आता म्हातारा झालेला, भाच्यांच्या दुकानात मागे बसून हार ओवणारा. मावशींनी ओळखबिळख काही सांगितली नाही. वाकून विचारलं, "कंडक्टर बरे हायेत का?" म्हाताऱ्याच्या हातातली सुई झेंडूत तशीच राहिली.

हे आमचे आबा. आणि कंडक्टर म्हणजे तात्या. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात पुतण्याच्या घरी राहणारे, लग्न न केलेले, निवृत्त.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी निघून दुसऱ्या गावी रात्रभर थांबणारी आणि सकाळी परत येणारी एसटी. मुक्कामाची ड्युटी सहसा कुणाला नको असते. घर सुटतं, जेवणाचे हाल होतात. तात्या शिर्डीची मुक्कामी ड्युटी मागून घ्यायचे. बरोबरचे लोक त्यांना मोठे साईभक्त समजायचे. घरीही तेच समजायचे. निवृत्त झाल्यावरही तात्या गुरुवारी शिर्डीला जात राहिले, ते या भक्तीच्याच जोरावर. मग एकदा शेतातल्या बांधावरून पडले, कंबर आणि गुडघा दोन्ही गेले. जीपमध्ये दाटीवाटीने बसणं संपलं आणि शिर्डीही संपली. आबांनी पाथर्डीला यावं, तर काय म्हणून यावं? फोन दोघांकडे होते. पण दुकानात भाचे, घरात पुतण्या. "बरा हाय का?" "बरा हाय." एवढ्यावर फोन ठेवायचा.

तेव्हा मी ग्रुप काढायचं ठरवलं. व्हॉट्सअॅपचा, आपल्या माणसांचा. मावशी, तात्या, आबा, मी, आणि मावशींच्या ओळखीतून आलेले कोपरगावकडचे एक गृहस्थ. हे गृहस्थ कधी बोलत नसत, प्रत्येक संदेशाला नुसता अंगठा द्यायचे, पण द्यायचेच.

ग्रुपचं नाव मी 'इंद्रधनू' सुचवलं. आवेशाने चार ओळींचं निवेदनही तयार केलं.

"इंद्रधनू?" तात्या फोनवर म्हणाले. "माझा पुतण्या इचारंल, तात्या, ह्या वयात कसलं इंद्रधनू?"

"असं नाव पायजे," मावशी म्हणाल्या, "की वाचूनच माणसाला जांभई आली पायजे. शेळीपालन मार्गदर्शन."

ते नाव सगळ्यांना पसंत पडलं. मीही हसून होकार दिला. आमच्यातल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही की मावशींना गाव सोडून जमाना झाला होता, आणि मी तर शहरातलीच. जांभई येते ती आम्हाला. पाथर्डीच्या कोरड्या माळावर, जिथे पावसापेक्षा शेळीचा भरवसा जास्त, तिथे या नावाने माणूस जागा होतो.

दुसरी चूक तत्त्वाची होती. अॅडमिन एकच असावा हे मला पटेना. आमच्या घरात बैठकीला अध्यक्ष नसायचा, सगळे सतरंजीवर गोल बसायचे. म्हणून मी सगळ्यांनाच अॅडमिन केलं. कुणीही कुणालाही आत घेऊ शकेल. लोकशाही.

आणि मग सुरू झालं आमचं सुखाचं पर्व.

आबांना लिहिता-वाचता येत नाही. ते ग्रुपवर फक्त बोलायचे. रोज संध्याकाळी दुकानातली गर्दी कमी झाली की त्यांचा आवाज यायचा, "कंडक्टर, जागा हाय का?" आणि तात्यांचं उत्तर, "हाय हाय. फुडं सरका." एवढं झालं की दोघं गप्पांना बसायचे. गप्पा म्हणजे भांडणंच.

"आबा, फोटोत क्येस काळे दिसत्यात. कलप केला काय?"

"केला. मग? तुझ्यासारखं पांढरं व्हऊन बसू काय?"

"कुणाला दाखवायचंय?"

"तुलाच दाखवतोय न्हवं, येड्या! मावशी, आयकताय का ह्याचं बोलनं?"

मावशींचा निकाल लगेच यायचा. "तात्या चुकले. कलप चांगला दिसतो. तात्यांनी माफी मागावी." कोपरगावचा अंगठा लगेच खाली. तात्या माफी मागायचे, पण अशी, की त्यातून पुढचं भांडण निघावं.

त्यांची थट्टा-मस्करी, लाडीगोडी सगळी आमच्यासमोर चालायची. मला वाटलं त्यांना माहीत नसेल. मी तात्यांना फोन केला. म्हटलं, "तात्या, ग्रुपऐवजी तुम्ही दोघं थेट एकमेकांना संदेश पाठवू शकता. दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही. मी शिकवते."

तात्या म्हणाले, "पोरी, कुणाला ऐकू न जाता बोलायला आमी लई आधी शिकलो. त्ये शिकवू नको. आमच्या शेजारची नवरा-बायको रोज चारचौघांत भांडत्यात, लोक मधी पडत्यात, समजूत घालत्यात. आमाला आजवर कुणी समजूत घालाया बी न्हवतं. ह्यो माझा हाय, हे दुसऱ्यानं आयकलं पायजे. आमी ग्रुपवरच भांडणार."

मी इतकी पत्रकं वाचली, लिहिली, वाटली. साक्षीदार नसलेल्या प्रेमाला काय हवं असतं, हे त्यातल्या एकाही पत्रकात नव्हतं.

दसरा झाला. तात्यांचा पुतण्या आणि सूनबाई दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांच्या गावातली बहुतेक तरणी माणसं या दिवसांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जायच्या तयारीत पुतण्या तात्यांच्या फोनचा रिचार्ज करून देत होता. त्याला ग्रुपचं नाव दिसलं.

"तात्या! तुमी शेळीपालनाच्या ग्रुपात हाय? आन मला सांगितलं न्हाई? आपली शेळी सकाळपासनं फुगलीय, मी गावभर इचारत फिरतोय!"

तात्या "आरं थांब, आरं" म्हणेपर्यंत त्याने त्यांच्याच फोनवरून स्वतःला ग्रुपमध्ये घेतलं. तात्या अॅडमिन होते. लोकशाही.

पुढच्या मिनिटाला आमच्या ग्रुपवर एका शेळीचा फोटो आला. डावीकडून फुगलेली, नजर दुःखी. खाली लिहिलेलं: "उपाय सांगा. अर्जंट."

मग पडद्यावर एक बारीक ओळ आली. कोपरगावच्या गृहस्थांनी ग्रुप सोडला होता. एक अंगठासुद्धा न देता.

आणि मग मावशींचा आवाज आला, अगदी खणखणीत. "गोडं तेल पाजा, पण दमादमानं, ठसका लागू देऊ नका. तिला बसू देऊ नका. डावी कूस चोळत राहा. आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा, माझ्यावर राहू नका." मावशींचं लहानपण शेळ्यांमागे गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

शेळी दुपारपर्यंत बरी झाली. पुतण्याने हात जोडलेली चित्रं पाठवली आणि लिहिलं, "लय भारी ग्रुप. गावातल्या अजून चार जणांना घेऊ का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्यो मर्यादित ग्रुप हाय."

आता आबांना सावध करायला हवं होतं. संध्याकाळी ते बोलणार. मी काय केलं असेल? मी निवेदन काढलं. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की ग्रुपमध्ये नवीन सभासद दाखल झाले असून यापुढील चर्चा केवळ शेळीपालनापुरती मर्यादित ठेवावी." मुद्देसूद, स्पष्ट, एकही शब्द जास्त नाही. आणि ज्या एका माणसासाठी ते काढलं होतं, त्याला वाचता येत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मी दुसऱ्या एका वर्गात कुणाला तरी वीजबिल भरायला शिकवत होते, आणि संध्याकाळ झाली होती.

आबांचा संदेश येऊन पडला होता. मी तो ऐकला आणि अॅडमिन म्हणून लगेच पुसून टाकला. तेवढ्यात आबांचा दुसरा संदेश आला. त्यांना आपला आवाज ग्रुपवरून नाहीसा झालेला दिसला होता. त्यांना वाटलं, गेलाच नाही. म्हणून त्यांनी सगळं पुन्हा, सावकाश, पाथर्डीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं.

"कंडक्टर, जागा हाय का? मगाचं गेलं न्हाई वाटतं, परत सांगतो. आज दिसभर तुझा आवाज न्हाई. रुसला का? गुडघ्याला त्याल कोन लावतं तुझ्या? मी असतो तर लावलं असतं, आन तू वरडला असता. ह्या वयात दुसरं काय मागनं न्हाई. तुझ्या बाजूला खाट टाकून पडायचंय, आन तू घोरतो म्हून शिव्या द्यायच्यात. बास."

मी तो पुसायच्या आतच पुतण्याने तो अंगणात, मोठ्या आवाजात लावला होता. शेळीबद्दल काही असेल म्हणून. सूनबाई शेजारीच बसल्या होत्या. आणि तात्या खाटेवर.

माझ्या फोनवर तात्यांचा कॉल आला तो लगेचच. आवाज अगदी बारीक. "पोरी, उद्या सकाळी ये. भाषन करू नको. पर ये."

मी सकाळच्या पहिल्या जीपने निघाले. वाटेत मनातल्या मनात उत्तरं तयार करत होते: कायदा काय म्हणतो, न्यायालय काय म्हणालं, माणसाचा हक्क म्हणजे काय. तात्यांचा अख्खा आधार म्हणजे तो पुतण्या. त्याच्याशिवाय त्यांना कुणी नाही. तोच तुटला तर म्हातारा माणूस जाणार कुठे, हा एकच विचार सगळ्या मुद्द्यांखाली होता.

अंगणात बोचकी बांधलेली होती, उसाच्या तळावर राहायला उभारायच्या कोपीचे बांबू भिंतीला टेकवलेले. पुतण्या दगडावर कोयत्याला धार लावत होता. सूनबाई भांड्यांचं पोतं भरत होत्या. तात्या खाटेवर बसले होते, केस पाण्याने नीट बसवून. बरी झालेली शेळी दावं ओढत माझ्याकडे आली आणि माझ्या झोळीचा पट्टा चघळू लागली.

"ह्याच का शेळीवाल्या म्याडम?" पुतण्याने विचारलं.

"मीच."

"तुमच्याकडं किती हायेत शेळ्या?"

"एकही नाही."

"वाटलंच मला." त्याने कोयता बाजूला ठेवला. "तात्या, आता सांगा. ग्रुपवर बोलला त्यो कोन?"

मी पुढे सरसावले. "हे बघा, दोन सज्ञान माणसांनी एकमेकांवर प्रेम करणं कायद्यानं..."

"तू गप बस," तात्या म्हणाले. "माझं मी सांगतो." त्यांनी पुतण्याकडे बघितलं. "त्यो माझा मानूस हाय. तू शाळंत जायच्या आधीपासनं हाय. शिर्डीची मुक्कामाची गाडी मी त्याच्यासाठी मागून घ्यायचो. बाबांचं दर्शन बी घ्यायचो, ते खोटं न्हाई. पर जायचो त्याच्याकडं."

"म्हंजी दोस्त."

"दोस्त न्हाई. तुझ्या बापानं जन्मभर इचारलं, लगीन का करंना म्हून. ह्ये त्याचं उत्तर हाय."

पुतण्या उठला. त्याने शेळीचं दावं सोडलं, पुन्हा त्याच खुंटीला बांधलं. माझ्या जिभेवर अख्खं भाषण होतं आणि मी दातांनी ते धरून ठेवलं होतं.

बोलल्या त्या सूनबाई, पोतं भरता भरता. "तिकडं त्यांना जेवायला कोन देतं?"

"भाचे देत्यात," तात्या म्हणाले. "हारांच्या दुकानामागं खोली हाय."

"आन इकडं तुमाला, आमी गेल्यावर, शेजारची गार भाकरी. म्हंजी दोघं दोन गावात अर्धपोटी, आन फोनवर इचारायचं, जेवला का?" त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "बोलवा की मंग त्यांना हिकडं. घर रिकामंच ऱ्हातंय उन्हाळ्यापातूर. तुमाला एकटं टाकून जाताना दर साली माझा जीव टांगनीला लागतो, त्यो तरी जाईल."

"आन गावाला काय सांगू?" पुतण्या म्हणाला.

"गावात उरतंय कोन? समदं गाव उसाला!"

तात्या हसले. मीही हसले. पुतण्याला हसू येत होतं, पण त्याला ते यायला नको होतं. तो तात्यांसमोर येऊन उकिडवा बसला. "मला सांगायला काय झालं हुतं, तात्या? मी काय घराबाहेर काढलं असतं तुमाला?"

"काढलं नसतं," तात्या म्हणाले. "पर तू बोलायचा बंद झाला असता. मंग मी काय केलं असतं? मला तुझ्याबिगर हाय कोन?"

पुतण्याने तोंड फिरवलं, शेळीकडे. मग तसाच, आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "त्ये हार करत्यात न्हवं? येताना फुलं आनू नका म्हणावं. ही खाईल समदी."

हे त्याचं 'हो' होतं. माझ्या एकाही मुद्द्याची गरज पडली नव्हती.

तात्यांनी तिथेच आणखी एक निर्णय जाहीर केला. शेळीपालनाचा ग्रुप पुतण्याला देऊन टाकायचा, त्याने हवे तितके शेळीवाले घ्यावेत. आपण दुसरा काढायचा. आता तिथे खरोखर शेळीपालन चालतं. मावशी तिथे सल्ला द्यायला राहिल्या आहेत आणि त्यांचा तोरा बघण्यासारखा असतो. ऊसतोडीच्या तळावरून पुतण्या त्यांना "नमस्कार डॉक्टर" म्हणून संदेश पाठवतो.

नव्या ग्रुपचं नाव तात्यांनी ठेवलं, 'मुक्कामी गाडी'. इथेही सगळे अॅडमिन आहेत. तत्त्व सोडलेलं नाही. फक्त नियम एक झाला: नवीन माणूस घ्यायचा तर आधी प्रत्येकाला विचारायचं, आणि विचारायचं ते बोलून. लिहून नाही. या नियमाने आत आलेलं पहिलं माणूस म्हणजे सूनबाई. पुतण्याने अजून विचारलेलं नाही. पण तो बायकोच्या खांद्यावरून सगळं ऐकतो, हे आम्हाला कळतं, कारण मध्येच त्याचा खोकला ऐकू येतो.

कोपरगावच्या गृहस्थांना मी फोन केला. घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, "बरं झालं हो, फार बरं झालं," म्हणाले. ग्रुपमध्ये यायचं मात्र त्यांनी टाळलं. त्यांचा फोन आता मुलगा रोज उघडून बघतो. काळजीपोटीच, म्हाताऱ्याला कुणी ऑनलाइन फसवू नये म्हणून. मी आग्रह केला नाही. आठवड्यातून एकदा त्यांना साधा फोन करते. हवापाणी, तब्येत, एवढंच बोलतो. ठेवताना ते विचारतात, "आज कशावरून भांडले दोघं?" आणि मी त्यांना सविस्तर सांगते.

ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या आणि दोन-चार दिवसांत आबा शिर्डीहून निघाले. त्या संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ कॉल होता. आजवर पडद्यावर तात्यांचा एक चौकोन असायचा आणि आबांचा एक. मी फोन उघडला तर दोघं एकाच चौकोनात. दोघांची डोकी त्यात मावत नव्हती. अर्धे तात्या, अर्धे आबा, आणि मध्ये चहाची कपबशी.

"सरका की तिकडं," तात्या म्हणत होते.

"कुठं सरकू? खाट तुझी येवढीशी!"

"आता तुम्हाला फोनची काय गरज?" मी गमतीने म्हटलं.

"ए!" मावशी ओरडल्या. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसत होता. पंख्याच्या पुढे आल्या होत्या. "ह्यांना नसंल गरज, मला हाय. दोघं मिळाले म्हणून आम्हाला टाकलं, तर तिथं येऊन दोघांनाही बदडीन."

"असं कसं टाकू?" आबा म्हणाले. "तुमच्याबिगर ह्याचं रडगाणं मी कुणाला सांगू? मावशी, ह्यो च्यात साखर घालीत न्हाई. पावन्याला बिनसाखरंचा च्या दिला ह्यानं!"

"तुला शुगर हाय!"

"म्हून काय पहिल्याच दिवशी?"

मावशींनी निकाल दिला की पहिल्या दिवशी अर्धा चमचा चालेल. तेवढ्यात सूनबाईंचा चौकोन उघडला. मागे कोप्यांची रांग, चुलींचा धूर, लांब कुठेतरी ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं. त्यांचे हात काळे झाले होते, चेहरा दमलेला, आणि पहिलाच प्रश्न, "शेळी कुटं हाय? दाखवा आधी." आबांनी शेळीला उचलायचा प्रयत्न केला, शेळीने आबांचा मफलर धरला, फोन पडला, आणि आम्हा सगळ्यांना पाथर्डीचं आभाळ दिसू लागलं. आभाळात तात्यांचा आवाज येत होता, "सोड तिला! आरं, वाकू नको, कंबर धरंल तुझी!" आणि आबांचं हसणं. आणि सूनबाईंच्या मागून एक पुरुषी हसू, जे कितीही दाबलं तरी दबत नव्हतं.

तात्यांच्या घरी हे सगळं एका फुगलेल्या शेळीमुळे आणि माझ्या चुकांमुळे घडलं. तुमच्या घरी अशा अपघाताची वाट बघू नका. तुम्ही एक करा. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात जो कुणी एकटा म्हातारा माणूस असेल, लग्न न केलेला, किंवा केलेला आणि तरी एकटा, त्याच्याजवळ आज बसा. त्याला आवाजी संदेश पाठवायला शिकवा, व्हिडिओ कॉल लावायला शिकवा. फसवणूक कशी ओळखायची तेही सांगा. फोनचं कुलूप त्याचं त्याला ठरवू द्या आणि ते विचारू नका. मग फोन त्याच्या हातात द्या आणि खोलीच्या बाहेर या. तो कुणाशी बोलला, हे त्याने आपणहून सांगितलं, तर एवढंच विचारा: "त्यांना जेवायला कधी बोलावू या?"